दोघांना एक चादर

शेवटच्या दिवशी धाकटीनं सगळ्यांबरोबर चादर धरली. त्या लॉन्ड्रीत तशी रीतच होती. कोणी काम सोडून चाललं की जायच्या आधी त्यानं प्रत्येकाबरोबर एकेक चादर घडी करायची. दोन टोकं तू धर, दोन मी धरते, ताणायची, झटकायची, मग चालत चालत जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं आणि हाताला हात लागला की काय बोलायचं असेल ते बोलून घ्यायचं. कोणी रडायचं, कोणी प्रेमानं दोन शिव्या द्यायचं. मशीनच्या आवाजात तिसऱ्याला काही ऐकू जायचं नाही, म्हणून माणसं मोकळी बोलायची.

धाकटी त्या दिवशी खूश होती. खूप दिवसांनी केस नीट बांधले होते तिनं. चष्मेवालीबरोबर चादर धरताना दोघी हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं. मग बॉयलरवाला आला. त्याला धाकटी भोंगा म्हणायची, कारण हळू बोलणं देवानं त्याला दिलंच नव्हतं. त्यानं आपलं तिच्या कानात सांगितलं, "सुखात राहा गं पोरी!" तर ते बाहेर रस्त्यावरसुद्धा ऐकू गेलं असेल. सगळे हसले.

मोठी तिकडे इस्त्रीच्या मोठ्या रुळावर होती. मोठी म्हणजे धाकटीची सख्खी बहीण. दोघी तिथेच कामाला, म्हणून सगळे त्यांना मोठी आणि धाकटी असंच म्हणायचे. रुळात चादर घातली की हात काढता येत नाही, चादर तिरकी जाते आणि जळते. त्या रुळाला धाकटी सासू म्हणायची. कायम तापलेली, आणि कितीही घाला, पोट भरत नाही. तर मोठी सासूच्या तोंडात चादर सारत होती आणि मान वळवून बघत होती. भोंगा बाजूला झाला आणि त्याच्या मागे रांगेत कोण उभं आहे ते मोठीला दिसलं.

गाडीवाला.

ती मालकीणबाईंना ओरडून म्हणाली, "बाई, त्याला नाही!" पण त्या आवाजात तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं नाही.

हा गाडीवाला कोण ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर कळायचं नाही.

हॉटेलांतून मळकी गाठोडी आणायची आणि धुतलेली पोचवायची, हे त्याचं काम. दिसायला चांगला, बोलायला गोड. दात घासतानासुद्धा हसत असेल असा. कोणाचं गाठोडं जड असलं की धावत यायचा. एकदा मोठीचा पाय मुरगळला तर बाईंनीच त्याला सांगितलं, दोघींना घरी सोड. त्यानं सोडलं. अगदी दारापर्यंत. धाकटी उतरताना म्हणाली, "बरं झालं हो तुम्ही होता." एवढंच. आयुष्यात एवढंच बोलली ती त्याला गोड. घर त्याला कळलं ते तसं.

मग तो सकाळी गाठोडी उतरवताना म्हणायला लागला, "काल तुमच्याकडे दिवा बराच वेळ चालू होता. झोप नाही का लागली मॅडम?" सगळ्यांसमोर, हसून. बायका म्हणायच्या, "लक्ष आहे हो पोराचं!" मग एक दिवस, "पिवळ्या पिशवीत काय घेतलंत काल? जड होती." मग, "तो निळा रंग नका घालू, तुम्हाला शोभत नाही." धाकटी घरी येऊन मोठीला म्हणाली, "ताई, मी पिशवी घेतली तेव्हा रस्त्यात चिटपाखरू नव्हतं गं."

मोठी म्हणाली, "त्याला तोंडावर सांग."

धाकटी तशी नाकासमोर चालणारी, पण जिभेनं तिखट. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती, मोठीनंच तिची वेणी घातली, मोठीनंच शाळेत घातलं आणि नाईलाजानं शाळेतून काढलंही. मोठीच्या लग्नात ही पाहुण्यांना म्हणाली होती, "नवऱ्याला सांगा, ताईबरोबर मी फुकट आहे." आणि खरंच आली पाठोपाठ. तिचे दाजी म्हणजे मोठीचा नवरा, तो बिचारा सायकल दुरुस्त करणारा, म्हणायचा, "मला एका बायकोत सासू आणि मेव्हणी दोन्ही मिळाल्या." अशा घरात वाढलेली पोर ती. तिनं तोंडावर सांगितलं. गाठोडी ठेवायच्या खोलीत सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मला हे आवडत नाही. माझ्यावर लक्ष ठेवू नका. माझ्याशी बोलू नका."

तो हसला. म्हणाला, "अहो, मी काय केलं?"

हाच त्याचा मंत्र. मी काय केलं? आणि एकेक धरून बघितलं तर खरंच काय केलं होतं? गेटसमोर गाडी लावून बसायचा. रस्ता कोणाच्या बापाचा नाही. नव्या नव्या नंबरवरून फोन यायचे, कोणी बोलायचं नाही. तो मी नव्हेच. एकेक गोष्ट सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला हसू यायचं. पण सगळ्या गोष्टी एका पोरीच्या उरावर रोज बसायच्या. धाकटी जेवेना. खिडकीला जाड चादर लावली. दाजी तिला रोज गेटवर घ्यायला यायला लागले, सायकल हातात धरून, दोघींच्या मागे मागे चालायचे.

मग चपलेचं झालं. चपला दाराशी काढून आत जायची पद्धत. संध्याकाळी धाकटीची एकच चप्पल जागेवर. सगळीकडे शोधलं. शेवटी एक पाय अनवाणी घेऊन घरी गेली. सकाळी दार उघडलं तर दुसरी चप्पल उंबऱ्यावर. धुतलेली. पुसलेली. तोंड घराकडे करून ठेवलेली.

मोठी त्या दिवशी डबा न घेताच निघाली, ती थेट बाईंसमोर जाऊन उभी राहिली. बाई म्हणजे लॉन्ड्रीच्या मालकीण. वाईट बाई नाही हां. कोणाचं पोर आजारी असलं तर स्वतः दवाखान्यात जाणारी. पण तिला एक खोड होती, कोणाचं भांडण बघवायचं नाही. भांडण दिसलं की मिटवायला हात शिवशिवायचे.

मोठीनं सगळं सांगितलं. चप्पलसुद्धा दाखवली. बाई म्हणाल्या, "आता बघ, चोर असता तर आणून दिली असती का?"

"बाई, चोर असता तर बरं झालं असतं. चोराला चप्पल पाहिजे असते. याला ती पाहिजे."

"तू काय म्हणतेस, काय करू मी?"

मोठीनं नीट विचार करून ठेवला होता. एकेक करून सांगितलं. "त्याला दुसऱ्या गाडीवर टाका. गाठोडी मागच्या दारी उतरवू दे, आत येऊ देऊ नका. गेटवरून माणूस हलवू नका. आणि धाकटी माझ्याबरोबरच सुटेल, एकटी नाही."

"अगं, असा ड्रायव्हर मिळत नाही आजकाल. आणि टाळी काय एका हातानं वाजते?"

"टाळी नाही वाजत बाई. थप्पड वाजते."

बाईंना ते लागलं. पण रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं, मी करते काहीतरी. माझ्यावर सोड."

मोठी आणि तिचा नवरा चौकीवरही जाऊन आले. तिथला साहेब भला होता, खुर्ची दिली. सगळं ऐकून म्हणाला, "कामाच्या ठिकाणचं आहे ना? मालकिणीला सांगितलंत ना? ती करते म्हणाली ना? मग आधी तिथे बघा. काही झालं तर या."

बाहेर आल्यावर मोठीचा नवरा म्हणाला, "काही झालं तर कशाला यायचं? झाल्यावर काय उरतं?"

आणि बाईंनी काय केलं? चादर धरायला लावली.

चादरीची ही दुसरी रीत बाईंच्या सासऱ्यांपासूनची. कामगारांत भांडण झालं की त्या दोघांना एकाच चादरीला लावायचं. दिवसभर दोघांनी मिळून घड्या करायच्या. चादर अशी वस्तू आहे की समोरच्याशी पाऊल जुळल्याशिवाय तिची घडी पडतच नाही. सकाळी तोंड फिरवून उभे राहिलेले संध्याकाळी हसत सुटायचे. चष्मेवाली आणि कपडे मोजणारी यांचं लोणच्यासारखं मुरलेलं वैर असंच गेलं. पुढचं सांगू? भोंगा आणि त्याची बायको, तेही आधी भांडत होते, चादरीला लावले आणि महिन्यात लग्न ठरलं. तेव्हापासून चादर म्हटलं की बायका एकमेकींना चिमटे काढायच्या.

हे सगळं ठीक. पण भांडण दोघांचं असतं. इथे भांडण कुठे होतं? एक मागे लागला होता आणि एक पळत होती. वाघ आणि शेळी यांना काय एका चादरीला लावून समेट करतात?

धाकटी नको म्हणाली. बाई म्हणाल्या, "माझ्या शब्दाखातर. एकदा. मी समोर बसते की." खुर्ची टाकून बसल्याच. गाडीवाला हात धुऊन आला, मान खाली, गरीब गाय. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "चुकलं असेल तर माफ करा मॅडम." बायकांना भरून आलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मोठी रुळावरून बघत होती. चादर ताणली. झटकली. दोघं चालत जवळ आले. टोकाला टोक लागलं. त्याची बोटं धाकटीच्या बोटांवर, गरजेपेक्षा जास्त वेळ. आणि त्याचे ओठ हलत होते. तोंडावर तेच हसू, आणि ओठ हलतायत. बाई लांबून मान डोलवत होत्या, वा, बोलायला लागले. मोठी धाकटीचा चेहरा बघत होती. पिठासारखा पांढरा, आणि त्यावर ओढून आणलेलं हसू. पुन्हा लांब गेले, पुन्हा जवळ आले. प्रत्येक चादरीला तो तिच्या तोंडाशी येत होता आणि सगळी लॉन्ड्री ते कौतुकानं बघत होती.

घरी आल्यावर धाकटीनं सांगितलं तो काय म्हणत होता ते. म्हणत होता, "हसत राहा, बाई बघतायत." आणि शेवटच्या चादरीला म्हणाला, "आता आपली दोस्ती झालेली सगळ्यांनी बघितली. आता कोणाला सांगशील?"

तसंच झालं. त्यानंतर काही सांगायला गेलं की बाई म्हणायच्या, "मिटलं ना ते? पुन्हा कशाला उकरतेस?" बायका म्हणायच्या, "एवढी माफी मागितली बिचाऱ्यानं, हिचा ताठा बघा." चष्मेवाली तेवढी म्हणाली नाही, पण गप्प बसली. आणि तो तर आता हक्कानं आत यायचा. रोज एक विचारणं. "मॅडम, राग गेला ना? नक्की ना? मग बोलत का नाही?" माफीच्या नावाखाली माणसाला रोज दारात उभं राहायची परवानगी मिळाली.

मोठीला तेव्हा झोप यायची नाही. ती उठून धाकटीच्या खोलीचं दार ओढून बघायची. एकदा धाकटी आतून म्हणाली, "ताई, मीच आहे. झोप." आणि मग दोघी तशाच दाराच्या दोन बाजूंना बसून राहिल्या.

शेवटी ठरलं की नोकरी सोडायची. शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना होता शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे जागा मिळाली, खिडकीजवळ. धाकटी म्हणाली, "सासूच्या तोंडातून सुटले एकदाची." फक्त कोणाला सांगायचं नव्हतं. मोठीनं बाईंना दहा वेळा बजावलं, "त्याला कळू देऊ नका. एक दिवस तो येईल आणि ती नसेल, एवढंच." बाई हो म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

पण शेवटच्या दिवशी त्यांना राहवलं नाही. एवढी वर्षं काम केलेली पोर अशी चोरासारखी जाणार? त्यांनी चहा मागवला, मशीन अर्धी बंद केली आणि सगळ्यांना सांगितलं, धाकटी चालली, चादर धरा. सगळ्यांना म्हणजे त्यालाही. तो तेव्हा दारात गाठोडी उतरवत होता. त्यानं हातातलं गाठोडं हळूच खाली ठेवलं, असं चष्मेवाली नंतर सांगत होती.

आणि आला रांगेत.

भोंगा बाजूला झाला. गाडीवाल्यानं चादर उचलली, दोन टोकं पुढे केली. धाकटीनं हात मागे घेतले. तो म्हणाला, "शेवटची आहे मॅडम." बाई म्हणाल्या, "घे गं, एवढ्यानं काय होतंय?" सगळे बघत होते. धाकटीनं ती टोकं हातात घेतली, आणि सोडून दिली. चादर जमिनीवर पडली. धुतलेली चादर जमिनीवर टाकणं म्हणजे त्या लॉन्ड्रीत कोणाच्या तोंडावर थुंकण्यासारखं. कोणीतरी म्हणालं, "अगं बाई!"

धाकटी म्हणाली, मोठ्यानं म्हणाली, "मी तुमच्याशी कधी भांडलेच नव्हते. तर समेट कसला?"

तो वाकला, चादर उचलली, एकट्यानंच घडी केली. हसत होता. मग बाहेर निघून गेला.

मोठीच्या रुळात चादर होती. ती संपते न संपते तोच बाई धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "जा, आज लवकर सोडते तुला. रडत थांबू नको इथे." चांगुलपणा केला. दाजी यायला अजून वेळ होता. मोठी रुळावरून ओरडली, "थांब, मी येते!" या वेळी धाकटीला ऐकू गेलं. तिनं हातानं खूण केली, गेटवर थांबते. गेटवर माणूस असतो ना. पण गेटवरचा माणूस चहा घ्यायला आत आला होता. धाकटीच्याच निरोपाचा चहा.

मोठीला काही ऐकू आलं नाही. पहिल्यांदा दिसलं ते भोंगा पळताना. मग चष्मेवाली मोठीचा हात धरून, "बघू नको, तू नको बघू" म्हणताना. मोठीनं हात झटकला. रुळात अर्धी चादर तशीच सोडली, ती जळाली, आणि तो जळका वास घेऊनच ती बाहेर गेली.

गाडी गेटच्या भिंतीला टेकलेली होती. धाकटी भिंत आणि गाडीच्या मध्ये होती. तो खाली उतरून उभा होता आणि लोकांना सांगत होता, "ब्रेक लागला नाही. मी काय केलं? ब्रेकच लागला नाही." मोठी खाली बसली. धाकटीचा हात बाहेर आलेला होता तो तिनं धरला. गरम होता. दाजी आले तेव्हाही ती तो हात धरूनच बसली होती. दाजींनी सायकल आपटून टाकली आणि काय करावं ते न सुचून तीच पुन्हा उचलून उभी केली.

त्याला पकडलं. चौकशी झाली. भल्या साहेबानं पुन्हा खुर्ची दिली. बाईंनी रडत रडत सांगितलं, "त्यांचं काही नव्हतं हो, सगळ्यांसमोर समेट झाला होता." आता त्याचा वकील तेच बोलतो. समेट झाला होता, वैर कुठे होतं, ब्रेक लागला नाही. बायका साक्षीला बोलावल्या तर म्हणतात, आम्ही बघितलं तेव्हा दोघं हसत होते. खरं आहे. त्यानं तिला सांगितलं होतं, हसत राहा.

मोठी कामाला गेली नाही. घरात धाकटीच्या खिडकीची जाड चादर तशीच होती, काढायला कोणाचा हात होत नव्हता. घरात दिवसा अंधार. मोठी दिवसभर एकच बोलायची, नवऱ्याशी नाही, भिंतीशी. "काय मागितलं होतं मी? त्याला लांब ठेवा म्हटलं होतं. एवढंच. शिक्षा करा म्हटलं नव्हतं, मारा म्हटलं नव्हतं. फक्त लांब ठेवा."

मग एका दुपारी दार वाजलं. बाई होत्या. मोठीनं दार उघडलं आणि बघितलं तर बाईंच्या पुढे एक म्हातारी उभी. बारीक, वाकलेली, पायात दोन वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांच्या चपला. गाडीवाल्याची आई, ओळखायला वेळ लागला नाही. दात तसेच होते, मुलासारखे.

बाई म्हणाल्या, "हिला मीच घेऊन आले. हिची काय चूक गं? रोज माझ्याकडे येऊन रडते. तू पण रडतेस. म्हटलं, दोघी एकदा समोरासमोर बसा. मन हलकं होईल. किती दिवस मनात ठेवणार?"

मोठीचा नवरा आतून उठून आला. त्याच्या हाताच्या मुठी वळलेल्या होत्या. मोठीनं त्याला थांबवलं. ती म्हातारीकडे बघत होती. म्हातारी तिच्याकडे बघतच नव्हती, तिच्या खांद्यावरून आत बघत होती, त्या अंधाऱ्या खोलीत, झाकलेल्या खिडकीकडे.

"तुमच्याकडे पण चादर लावलीय का?" म्हातारी हळू म्हणाली. "मी पण लावते. तो घरात असायचा तेव्हा मी आतून कडी लावून झोपायचे. आई असून." आणि मग म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही कधी."

बाई म्हणाल्या, "बघ, बोलायला लागलात. मी म्हटलं नव्हतं?" आणि आत यायला पाऊल उचललं.

मोठीनं म्हातारीचा दंड धरला आणि तिला आत घेतलं. बाईंचं पाऊल उंबऱ्यावर होतं. मोठी म्हणाली, "तुम्ही नाही बाई." आवाज चढवला नाही. दार लावलं, कडी घातली.

बाईंनी बाहेरून दोनदा हाक मारली. मग दार वाजवलं. मग थोड्या वेळानं पुन्हा वाजवलं.

"पाणी घ्या आधी," मोठी म्हातारीला म्हणाली आणि तांब्या शोधायला आत गेली.